जुन्या पिस्तुलाची बाजू

रविवारची दुपार आमच्या बदलापूरच्या घरात तेलाच्या वासाची असे. हे तेल डोक्याला लावायचं नव्हे की फोडणीचंही नव्हे. शस्त्राला लावायचं, पातळ, किंचित उग्र, नाकाआधी घशाला जाणवणारं. जेवणं आटोपली, की आमचे हे बाल्कनीलगत वर्तमानपत्र पसरत, जुन्या बनियनच्या चिंध्या घेत आणि आपलं पिस्तूल सुटं करून एकेक भाग पुसू लागत. मग पोलादावर पोलाद सरकल्याचा तो स्वच्छ, थंड आवाज! इतक्या वर्षांच्या संसारात घड्याळाच्या टोल्यांपेक्षा मी तोच अधिक ऐकला असेन.

मी अंबरनाथच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि हे फौजेतून हवालदार म्हणून. घरी बसणं यांच्या स्वभावात नाही. उल्हासनगरला एका सिंधी व्यापाऱ्याचा जीन्स शिवण्याचा मोठा कारखाना आहे. त्या सेठजींचे अंगरक्षक म्हणून हे रोज जात. कमरेला असे तेच परवान्याचं, जुन्या घडणीचं पिस्तूल. जड, काळसर, मुठीवर लाकडाच्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्या यांच्या तळव्याने झिजून गुळगुळीत झालेल्या.

सैनिकाला जुनं हत्यार का आवडतं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे का? मला पडे, आणि मी तो मोठ्या खोचकपणे विचारी. एकदा चामटोलीचे पाटीलभाऊ आले होते. यांच्याच पलटणीतले, आता भातशेती करणारे. चहाचा कप बाजूला ठेवून ते म्हणाले, "वैनी, नव्याच्या पोटान काय चाललंय तां कलत नाय. आपल्या जुन्याचा घोरा कसा, उघड्यावर बसलेला. डोल्यांनी बघायचा, ताणलाय का नाय. बस्स!" घोडा म्हणजे पिस्तुलाच्या पाठीमागचा तो चिमुकला हातोडा, ज्याचा आघात काडतुसाला पेटवतो. नव्या पिस्तुलांत तो आत दडवलेला असतो. बाहेरून सगळं प्लास्टिकचं, सपाट, हलकं, देखणं. आणि आतली तयारी डोळ्यांना अगोचर.

हे उत्तर मला तेव्हा फार आवडलं. आपल्या अंतरीची अवस्था उघड दाखवणारं शस्त्र, आणि म्हणून विश्वासाचं! नाहीतर माणसं. मनात काय ताणलेलं आहे याचा थांगपत्ता लागू न देता आपण सोयऱ्याधायऱ्यांत हसतो, हळदीकुंकवांना जातो, शेजारणीच्या नव्या साडीचं कौतुक करतो. माणसाच्या पाठीवर असा एखादा घोडा असता तर किती भांडणं टळली असती, आणि किती लग्नंही! या विचारावर मी स्वतःशीच खूश होते. त्या उत्तराखाली आणखी एक उत्तर असेल, असं मला वाटलंच नाही.

यंदा पावसाळा सरता सरता सेठजींनी नवं पिस्तूल घेण्याचा विषय काढला. "हवालदार साईं, ये पुराना लोहा कब तक उठाओगे? नया लेलो ना. कागद मी करून देतो सगळे." आम्ही दोघं कल्याणला दुकानात जाऊन ते पाहूनही आलो. यांनी ते हातात घेतलं, दोनदा उलटंसुलटं केलं, आणि काचेवर परत ठेवलं. हातात मेंदीचा कोन धरायला दिल्यासारखा अवघडलेला चेहरा! मी दुकानदारासमोरच हसले. म्हटलं, "फौजी घाबरला बाई प्लास्टिकला." हे सरळ दुकानाबाहेर पडले. मला तो म्हाताऱ्याचा हट्ट वाटला.

एक सांगायचं राहिलं. यांच्या हातांचं मला भारी कौतुक होतं. तव्यावरची भाकरी हे नुसत्या बोटांनी उलटतात, उकळत्या चहाचं पातेलं फडक्याशिवाय उतरवतात. सोसायटीतल्या बायकांना मी ते मुद्दाम दाखवी. "बघा, बर्फात राहिलेले हात आहेत," असं म्हणताना माझा ऊर भरून येई. शाळेत प्रजासत्ताकदिनाला हे पाहुणे म्हणून खुर्चीवर बसत आणि ओळख मी करून देई. तेव्हाही त्या हातांचा उल्लेख सुटत नसे. कौतुक किती आंधळं असू शकतं!

मग दसरा आला. सकाळी आम्ही पांढरे कपडे घालून विहारात गेलो, वंदना झाली. शस्त्राची पूजा आमच्या घरात नाही. पण सेठजींच्या कारखान्यात त्या दिवशी शिलाईयंत्रं, कात्र्या, इस्त्र्या सगळं धुऊनपुसून मांडतात, झेंडूने सजवतात, आणि मधोमध हवालदारांचं पिस्तूल हवं असा त्यांचा आग्रह. हे त्यांच्या श्रद्धेचा मान राखतात. दर वर्षी तिथेच ते रिकामं करत आणि मेजावर ठेवत. यंदाही ठेवलं. कारागीर एकेक करून वाकले, हात लावून नमस्कार करून गेले. कुणी फोटोसाठी ते उचलून छातीशीही धरलं. मीही शेजारी उभी राहून फोटो काढून घेतला.

संध्याकाळी घरी येऊन यांनी पिस्तूल कमरेचं काढलं आणि वरचा भाग मागे खेचला. पलंगाच्या चादरीवर एक पितळी काडतूस टपकन पडलं.

हे तिथेच खाली बसले. कारखान्यात लोकांची फोटोची घाई चाललेली. त्या गडबडीत यांच्याकडून क्रम उलटा झाला होता. आधी गोळ्यांचं मॅगझिन काढायचं आणि मग वरचा भाग खेचायचा. यांनी आधी खेचला, त्यासरशी एक गोळी नळीत चढली, आणि मग मॅगझिन काढलं. घोडा ताणलेला दिसत होता, पण रिकाम्या पिस्तुलाचाही वरचा भाग खेचला की तो ताणतोच. चूक कुणाकडूनही होते, म्हणून तर फौजेत शेवटी करंगळी आत घालून चाचपायला शिकवतात. "चाचपलं ना मी," हे म्हणाले. "बोट घातलं होतं. काहीच लागलं नाही. मला काही लागतच नाही गं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. फौजेत असताना बर्फातल्या एका चौकीवर बोटांचे शेंडे बधिर होऊन गेल्यासारखे झाले होते, ते पुन्हा पुरते परत आलेच नाहीत. आणि वय वाढलं तशी बधिरता वर चढत गेली. जुनं पिस्तूल यांना हवं होतं ते घोडा डोळ्यांना दिसतो म्हणून, सुरक्षेची कळ कानांना ऐकू येते म्हणून. जे काम बोटांनी करायचं ते हे डोळ्यांनी आणि कानांनी निभावून नेत होते. भाकरी भाजताना बोटांना चटका बसत नव्हता, इतकंच ते होतं. आणि मी त्याला शौर्य म्हणत होते! माझ्याशेजारी ताट वाढून घेणाऱ्या माणसाच्या हाताला माझा हातही धड कळत नव्हता, आणि मला ते कळलं नव्हतं.

पण मला लाज वाटते ती याची नाही. अज्ञानाला क्षमा असते. लाज वाटते ती पुढच्या क्षणाची. हे म्हणाले, "उद्या सेठना सांगतो आणि हे पोलिसांत जमा करून टाकतो." आणि मी, आयुष्यभर मुलांना सत्यावर निबंध लिहायला लावणारी बाई, काय म्हणाले असेन? मी म्हटलं, "अहो, कशाला? कुणाला काही झालं का? पुढच्या वेळी मी बघत जाईन तुमच्याबरोबर. उगीच वाच्यता नको." मला सेठजींचे कारागीर दिसत नव्हते. मला प्रजासत्ताकदिनाची ती खुर्ची दिसत होती, आणि फौजीची बायको म्हणून वळून बघणाऱ्या माना. तेवढ्यासाठी मी भरलेल्या पिस्तुलावर पांघरूण घालायला निघाले होते.

यांनी चादरीवरचं काडतूस उचलून खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सोबत गेले. खरं सांगायचं तर अडवायलाच गेले. झेंडूची फुलं अजून मेजावर सुकत होती. हे सेठजींसमोर ताठ उभे राहिले, जसे कधीकाळी साहेबासमोर राहत असतील, आणि सगळं सांगितलं. आपली चूक, आपली बोटं, काल त्या मेजावर काय होतं ते. आवाज एकदाही अडखळला नाही. सेठजींचा चेहरा पांढरा पडला. त्यांची नजर मेजावर गेली. मग ते म्हणाले, "साईं, आप चुप रहते तो किसको पता चलता?"

"चूपच राहणार होतो," हे म्हणाले. "पण ही आहे ना माझी. मास्तरीणबाई. म्हणाली, सांगून टाका, लपवायचं नाही."

सेठजी वळले. पाणावल्या डोळ्यांनी त्यांनी मला हात जोडले. "धन्य हो, टीचरजी."

पिस्तूल त्याच आठवड्यात जमा झालं. यांनी ते मला वाचवायला म्हटलं, की शिकवायला, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारण्याची हिंमत होत नाही. आता कारखान्यातली माणसं रस्त्यात भेटली की आदराने थांबतात, आणि पाटीलभाऊ परवा येऊन म्हणाले, "वैनी, तुमच्यासारकी बाईल पायजे." त्या दिवशी सेठजींसमोर एक वाक्य बोलायला मला किती वेळ लागला असता? दोन्ही हात मोकळे होते, जीभ शाबूत होती, बधिर काहीच नव्हतं. मी मान थोडी खाली घातली, आणि तो नमस्कार घेतला.