रत्नाच्या दिव्यांचं कोमट पाणी

तमाशाच्या फडात असताना मी सूड घेणाऱ्या बायकांची सोंगं पुष्कळ केली. केस मोकळे सोडायचे, डोळे गरगर फिरवायचे, ढोलकी चढत जायची. पण खरा सूड पाहिला तो म्हातारपणी, मार्गासनीत, शेजारच्या रत्नाच्या अंगणात. तिथं ढोलकी नव्हती.

पूर्वी शेरडं बांधायच्या बिनखिडकीच्या खोलीत रत्ना एलईडी दिव्यांखाली लेट्यूस पिकवते, रिसॉर्टवाल्यांसाठी. एवढ्याशा खोलीत दिव्यांची धग कोंडायची. पंखा लावला तर तीच गरम हवा फिरायची. म्हणून तिनं दिवे अॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्यांवर बसवले आणि पट्ट्यांतून घरच्या टाकीचं पाणी सोडलं. पाणी धग घेऊन बाहेर जायचं.

धाकट्या दिराला, धनाजीला, ती खोली मोटारसायकल ठेवायला हवी होती. ऐन मे महिन्यात रत्ना वेल्ह्याच्या बाजाराला गेली आणि मागं कुणीतरी टाकीचा कॉक बंद केला. ती परतली तेव्हा सगळी पानं शिजल्यासारखी लोळत होती.

"वैनी, उंदरानं फिरवला असंल," धनाजी म्हणाला. अंगणातली माणसं हसली. वाक्य टाकलं होतं झकास, हे मला मान्य करावंच लागेल.

रत्ना हसली नाही. "त्या उंदराच्या तोंडून वदवून घेईन म्या," एवढंच बोलली.

तिनं टाकीचा नाद सोडला. स्वतःचा ड्रम आणला, छोटी मोटर बसवली. तेच पाणी ड्रममधून दिव्यांकडं जायचं आणि तापून परत यायचं. थंडी पडली तसं सकाळी ड्रममध्ये अंघोळीजोगं पाणी मिळू लागलं. रत्नानं आळीभर बादल्या वाटल्या. पहिली सासूला, चंद्राबाईला, दुसरी मला. धनाजीच्या बायकोपोरांनाही. धनाजी बादली घेऊन आला तेव्हा मात्र तिनं ड्रमला झाकण लावलं.

"माणसांचं पाणी हाय भावजी. उंदरांचं न्हाई."

तो बायकोवर ओरडला, "चूल पेटव!"

"फुकटचं पाणी असताना एकट्या तुमच्यापायी लाकडं जाळू व्हय?"

पौषात तोरण्याकडून वारा सुटला. एका सकाळी धनाजी ओल्या केसांनी, दात वाजवत अंगणात आला आणि सगळ्यांदेखत ओरडला, "व्हय, म्याच फिरवला कॉक! झालं समाधान?"

चंद्राबाई हळूच म्हणाली, "दे गं आता त्येला."

"देती की, आत्याबाई."

रत्नानं बादली काठोकाठ भरली. धनाजीनं हात पुढं केला. ती त्याच्या शेजारून गोठ्यात गेली आणि ते वाफाळतं पाणी म्हशीच्या पाठीवर ओतू लागली, तांब्या तांब्यानं, अगदी सावकाश.