मास्तरांनी कुणाला न दिलेलं बी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मास्तरांचं दुकान. मास्तर म्हणजे शिंपी. शाळेतले मास्तर वेगळे, त्यांना आम्ही कधी एवढा मान दिला नाही. दुकानामागे घर, घरामागे चार खाटा मावतील एवढी बाग, आणि बागेत दरवर्षी एकच वेल: मास्तरांच्या आईचा भोपळा. बसका, राखाडी सालीचा, खोल खाचांचा. कापला की आतून लालभडक, शिजला की पिठूळ आणि गोड. मी खाल्लाय म्हणून सांगतो. आता सांगून कुणाला काय उपयोग, ही गोष्ट वेगळी.

आईनं जाताना बियांची पुरचुंडी त्यांच्या हातात दिली आणि एवढंच म्हणाली, "सांभाळ." मास्तरांनी ते भलतंच मनावर घेतलं.

संध्याकाळी दुकान आवरलं की गळ्यातली टेप तशीच ठेवून ते वेलात शिरत. उद्या उमलणारी कळी आदल्या दिवशी टोकाला पिवळी पडते. तिचं तोंड काजाच्या दोऱ्यानं बांधायचं, नराचंही आणि मादीचंही. मादी फुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो, त्यावरून ती ओळखायची. सकाळी नर फूल खुडायचं, त्याचा पराग मादीत फिरवायचा आणि तिला परत बांधून टाकायचं. नाहीतर मधमाशी शेजारच्या परसातल्या भलत्याच भोपळ्याचा पराग आणते आणि बी मिसळतं.

वहिनी दारातून म्हणायच्या, "माझ्या वेणीला एवढ्या मायेनं कधी दोरा बांधला नाहीत!"

"तुझ्यावर मधमाशा कुठे बसतात?" मास्तर म्हणायचे. पुढचं ऐकायला मी थांबत नसे.

भोपळा वाटायला मास्तरांचा हात सैल. बी द्यायला मात्र मूठ आवळलेली. फोड द्यायची ती आतून खरवडून, स्वच्छ करून. कुणी बी मागितलं की म्हणायचे, "देतो की! कोट शिवायला टाक, कोटाबरोबर बी घेऊन जा." आणि तो कोट काही शिवून होत नसे. हसण्यावारी जायचं सगळं.

त्यांच्या धाकट्या बहिणीनं मात्र हसण्यावारी मागितलं नव्हतं. ती लांबच्या गावी राहायची. एकदा परत निघताना उंबऱ्यात थबकून म्हणाली, "दादा, चार बिया दे ना. कुंपणाला लावीन."

"तुला जमायचं नाही. तू मिसळून ठेवशील सगळं," मास्तर म्हणाले आणि एक मोठी, साफ केलेली फोड तिच्या पिशवीत घातली. तिनं पिशवी उचलली. फोड तेवढी घेऊन गेली.

मग एका वर्षी हवा अशी दमट झाली की कपाटातल्या कापडालाही वास येऊ लागला. बी सावलीत वाळवायचं, चटका लागू द्यायचा नाही, हे मास्तरांनी आम्हाला ऐकवून ऐकवून पाठ करून दिलेलं. पण बियांवर बुरशी दिसायला लागली आणि त्यांचा धीर सुटला. दिवसभराच्या कामानं इस्त्रीचं टेबल रात्रीपर्यंत कोमट राहतं, तेवढी ऊब पुरे, म्हणून त्यांनी अस्तराच्या तुकड्यावर बिया पसरून टेबलावरच्या घोंगडीखाली सारल्या. सकाळी काढायच्या होत्या. पण सकाळी फळी उघडण्याआधीच दारात बँडवाले! सगळ्यांचे गणवेश, आत्ताच्या आत्ता. मास्तर जड इस्त्री घेऊन त्याच टेबलाला भिडले. पाण्याचे शिंतोडे, वाफ, पँटींच्या घड्या. शेवटच्या कोटाला हाताखाली खडे लागले, तेव्हा आठवलं.

बिया बाहेर काढल्या. पांढऱ्या, टपोऱ्या, खडखडीत. "उलट झकास वाळल्या!" मास्तर खूश. त्या खुशीत नेहमीचा रिवाजही पार पडला: नवं बी तयार झालं की जुनं तव्यावर भाजायचं, मीठ लावायचं आणि बाकावर बसलेल्यांना वाटायचं. काय खमंग झालं होतं म्हणता!

हंगामाला मास्तरांनी आळी केली, बी टोचलं. काही उगवलं नाही. परत टोचलं. मग बोटानं माती उकरून बघू लागले. बी जागच्या जागी, आतून तपकिरी. शिजलेलं. त्या दिवसांत मास्तरांची मापं चुकायला लागली. पोस्टमनच्या शर्टाची एक बाही आखूड झाली, आणि तो बिचारा तसाच घालून हिंडला.

"कुणाकडे तरी राहिलं असेल हो एखादं," मला म्हणाले.

"राहील कसं? तुम्हीच खरवडून घेत होता ना!" मी बोलून गेलो.

शेवटी वहिनींनी तोंड उघडलं. "तुमच्या बहिणीच्या कुंपणावर दरवर्षी भोपळे लागतात. त्या फोडीत एक बी चिकटून राहिलं होतं. तुम्ही ओरडाल म्हणून कुणी सांगितलं नाही."

मास्तर ओरडले नाहीत. सदरा बदलला आणि बस पकडली.

कुंपण भोपळ्यांनी लगडलेलं होतं. लांबट, हिरव्या ठिपक्यांचे, गुळगुळीत. खाच एकालाही नाही.

"फुलं बांधत होतीस का गं?"

"फुलं? ती कशाला बांधायची?"

"अगं, मधमाशा... मी सांगितलं नव्हतं का तुला?"

"कधी सांगितलंस, दादा?" ती सहज म्हणाली. "आई मला म्हणाली होती, दादाकडे बी ठेवलंय, लागेल तेव्हा माग. मागितलं तर म्हणालास, जमायचं नाही."

तिनं भाजी केली. पानात वाढून विचारलं, "आईच्या भोपळ्यासारखा लागतो ना?" मास्तर म्हणाले, "तोच आहे." आणि पुन्हा वाढून घेतली. मला मात्र परत आल्यावर म्हणाले, "पाणचट हो. नुसता पाणचट." निघताना तिनं ओंजळभर बिया त्यांच्या खिशात ओतल्या होत्या; मोजल्यासुद्धा नाहीत.

हल्ली त्या वेलाचं बी मास्तर मागेल त्याला देतात, न मागेल त्यालाही देतात. कोट शिवायला टाकावा लागत नाही. परवाच एक गिऱ्हाईक हरखून म्हणालं, "मास्तर, आईचं बी अखेर सुटलं म्हणायचं तुमच्या हातून!"

मास्तरांनी मशीन थांबवलं. "आईचं नाही हो ते," म्हणाले. "बहिणीचं आहे."