शंभर ग्रॅमचं हेवी मेटल

आज, बुधवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. कोरमंगलातलं तुमच्या कुरिअरचं काउंटर.

माझी शाळासोबतीण फिलोमिना बेळगावला असते. तिचा मुलगा येशूची गाणी हेवी मेटल या रॉक संगीतात गातो. आरडाओरडा म्हणून तिने ती कधी ऐकलीच नाहीत. काल स्वतःहून म्हणाली, “शुक्रवारी माझं ऑपरेशन आहे. त्याआधी तुझ्याकडचा त्याचा सोलो अल्बम पाठव गं.”

फॉर्मवर मी लिहिलं, ‘हेवी मेटल सीडी’.

काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, “अक्का, मेटलचा माल बोम्मसंद्राच्या गोदामातून जातो. सोमवारी पोचेल.”

“अहो, गाणी आहेत ती! पापडाच्या पुडीएवढं, शंभर ग्रॅम वजन आहे!”

“सरी, असेल बरोबर, पण फॉर्म तुम्हीच भरलाय.” आणि पाकीट गाडीत गेलंही.

मॅनेजरसाहेब, आईने मुलाचा आवाज कधी ऐकायचा, ते तुमचं गोदाम ठरवणार? पाकीट शुक्रवारआधी पोचणार की नाही, याचं लेखी उत्तर मला उद्या सकाळी दहाच्या आत हवं.