ऑर्तांसबाईंचं धुणं

आमच्या व्हालसेर्न गावातल्या झऱ्याच्या हौदावर ऑर्तांसबाई साठ वर्षं धुणं धूत आल्या. लेकीनं घेऊन दिलेलं यंत्र घरी आहे, पण मेंढ्यांची लोकर आणि जाड चादरी त्या झऱ्याच्याच पाण्यात धूत. नवरा गेला त्याच्या तिसऱ्या दिवशीही त्या तिथेच गुडघे टेकून त्याचे सदरे धूत होत्या. माझी आई शेजारी बसून आपलं धुणं धूत राहिली.

मग देशातल्या सुंदर गावांच्या यादीत नाव लागावं म्हणून पंचायतीनं हौदाला साखळी लावली आणि वर पाटी ठोकली: 'पूर्वी येथे गावातील स्त्रिया कपडे धूत.' पूर्वी! बाई त्याच सकाळी चादरी धुऊन गेल्या होत्या. पंचायतीत मीही आहे; ठरावाला मीही हात वर केला होता, माझ्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्यानं जातात म्हणून. सांगायला लाज वाटते.

बाईंनी साखळी ओलांडली, तर घरी पंचायतीचं पत्र आलं. साबणाच्या फेसानं पर्यटकांचे फोटो बिघडतात म्हणे! बाई धुमसत घरी बसल्या.

जुलैत पंचायतीचा प्रमुख, मेयर फाब्रिस, स्वतःच त्यांच्या दारात आला. मी तिथेच वाटाणे सोलत होते.

"बाई, गावच्या उत्सवाला तुम्ही हौदावर हव्यात. पांढरी टोपी, जुना झगा आम्ही देऊ. नुसतं धुतल्यासारखं करायचं."

"म्हणजे कसं?"

"कोरी चादर बुडवायची, काढायची. साबण नको."

"खरं धुतलं की घाण, आणि खोटं धुतलं की वारसा? चालता हो!"

उत्सवाच्या दिवशी बाई आल्या, त्या रोजच्याच एप्रनमध्ये. हातगाडीत लेंड्यांनी लडबडलेली लोकर. साखळी काढून फेकली आणि पाहुण्यांसमोर लोकर पाण्यात लोटली. पाणी गढूळ झालं, वास सुटला. बाईंच्या जागी शहरातून आणलेल्या टोपीवाल्या दोन मुली नाक धरून मागे सरल्या.

फाब्रिस धावत आला. "बाई, लोक बघतायत!"

"बघू देत! तुझी आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तुझी हगरी दुपटी याच दगडावर धुतलीयत मी. तेव्हा फेस नाही दिसला कुणाला?"

मला राहवेना. हातातला, पाहुण्यांसाठीच्या पेल्यांचा ट्रे खाली ठेवला, बाह्या सारल्या आणि लोकरीचा ओला गठ्ठा पिळायला घेतला.

"आत्ता उजाडलं होय तुला?" बाई म्हणाल्या. "आणि पिळू नकोस, दाब. लोकर आहे ती."

पुढच्याच बैठकीत साखळीचा ठराव मागे घेतला गेला. यादीत मात्र गाव आलं नाही, आणि काही जण त्याचं खापर बाईंवर फोडतात. बाई दुकानात पाव घ्यायला गेल्या की ते तोंडं फिरवतात. बाई मुद्दाम दुकानाच्या दारात उभ्या राहून खणखणीत 'बोंजूर'चा नमस्कार घालतात, आणि प्रत्येकाकडून उत्तर येईपर्यंत हलत नाहीत.