अक्कांच्या दोन सकाळी

अक्कांच्या घरी चित्रं बघायला गेलेल्या माणसाला एक शब्द वापरायची बंदी होती: छान. तो कुणाच्या तोंडून निसटलाच तर अक्का म्हणत, "छान ठेव बाजूला. काय दिसतंय ते सांग." यावर पुष्कळांची पंचाईत होई. काही जण चहाच्या कपात बघत.

अक्का आता नाहीत. त्यांचं घर बेंगळूरच्या शिवाजीनगरात, बस स्टँडसमोर होतं. खाली धाकटी बहीण सुशी हिचं शिवणाचं दुकान, वर दोघींचं बिऱ्हाड. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी तिथं आलेलं. कापडाला दोरा जुळवणं हे दुकानातलं अक्कांचं काम. कापडाचा तुकडा बरोबर न नेता, नुसता एकदा बघून, बाजारातून नेमक्या रंगाचा दोरा आणत. हे त्यांच्याबद्दल दुसऱ्या कुणी सांगायची गरज पडत नसे. त्या स्वतःच सांगत.

जलरंग त्यांनी साठीनंतर हातात घेतले. चार-सहा नवी चित्रं झाली की भिंतीला टेकवून ठेवत आणि ओळखीच्या मराठी मंडळींना बोलावत. मी वर्तमानपत्रात होतो. पहिल्यांदा बातमीसाठी गेलो, नंतर जातच राहिलो. चित्रामागची प्रेरणा विचारली की त्या म्हणत, "प्रेरणा-बिरणा मला ठाऊक नाही. कुठं बसले होते ते सांगते." हे खिडकीतून, हे दवाखान्याच्या बाकावरून, हे मोगरा विकणाऱ्या बाईच्या शेजारी बसून. एवढंच.

एका रविवारी निखिल आणि त्याची बायको आले होते. दोघं पुण्याचे, नोकरीला व्हाइटफील्डच्या आयटी कंपन्यांत. निखिल बस स्टँडच्या चित्रापुढे थांबला.

"अक्का, संध्याकाळचा लाइट काय कॅच केलाय तुम्ही."

"सकाळ आहे ती. दूधवाला दिसत नाही?"

"दिसतोय. मला वाटलं घरी चाललाय."

सगळे हसले. "दिवसभर स्क्रीन बघता रे तुम्ही," अक्का म्हणाल्या. "स्वल्प बाहेर बघत जा." 'थोडं' म्हणायला त्यांच्या तोंडी कानडी 'स्वल्प'च येई.

तेवढ्यात निखिलच्या बायकोनं पुढच्या चित्राबद्दल विचारलं, "ही शेवंती ना?"

चित्र मोगऱ्याचं होतं. अक्कांनी ते उचललं, खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं. मग सुशीला विचारलं, "फुलं पांढरी आहेत की नाहीत?"

सुशी खिडकीपाशी आली. "पिवळी आहेत, अक्का. तू आणलेला पांढरा दोरासुद्धा हल्ली पिवळाच असतो. मी गुपचूप बदलून आणते."

डॉक्टरांनी तपासलं तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. त्याचं अक्कांना फारसं काही वाटलं नाही. वय झालं होतं. पण ज्या नजरेच्या भरवशावर आयुष्य काढलं, ती बदलली आणि तिनं आपल्याला कळूही दिलं नाही, हे त्यांना सहन झालं नाही. ब्रश त्यांनी कपाटात टाकले. घरी कुणाला बोलावणं बंद केलं.

पहिली शस्त्रक्रिया उजव्या डोळ्याची झाली. काही दिवसांनी मी गेलो तेव्हा अक्का बस स्टँडच्या त्याच चित्रासमोर बसल्या होत्या. एकदा एक डोळा झाकत होत्या, एकदा दुसरा.

"डाव्यानं बघितलं की माझी सकाळ," त्या म्हणाल्या. "उजव्यानं बघितलं की निखिलची संध्याकाळ. म्हणजे तो खोटं बोलला नाही. मी पण नाही."

डाव्या डोळ्याची तारीख त्यांनी पुढे ढकलून घेतली. डॉक्टर तयार झाले, सुशी नाही.

"एकदाचा करून घे तो डोळा. जिन्यावरून पडशील."

"पडले तर तुझ्याच दुकानात पडणार की."

कपाटातले ब्रश बाहेर आले. खिडकीतला तोच रस्ता, तीच वेळ, अक्कांनी दोनदा रंगवला. पहिलं चित्र सरळ उजव्या डोळ्याचं. दुसऱ्याला वेळ लागला. उजवा डोळा झाकून डाव्यानं रस्ता बघायचा, दिसलं ते ध्यानात ठेवायचं, मग डावा झाकून उजव्यानं रंग कालवायचा. रंग चुकला की कागद फाडायच्या. पिवळा या वेळी त्यांनी जाणूनबुजून घातला होता, आणि दोरा जुळवावा तसा जुळवून.

पुन्हा बोलावणी गेली. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली होती. निखिलनं बराच वेळ बघून विचारलं, "अक्का, यातली खरी सकाळ कुठली?"

"दोन्ही बघितल्यात की मी."

डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी मी ऑटो घेऊन गेलो. सुशी पिशवी भरून खाली उभी होती. वर अक्का खिडकीत बसल्या होत्या, उजव्या डोळ्यावर तळवा ठेवून. खाली बस वळत होत्या, फुलवाल्या टोपल्या मांडत होत्या.

"ऑटो थांबलाय, अक्का," मी म्हटलं.

"थांबू दे स्वल्प. बघून घेते. उद्यापासून ही सकाळ नाही."

थोड्या वेळानं त्यांनी हात काढला, चप्पल घातली आणि माझ्याआधी जिना उतरल्या.