पूजेचं मशीन आणि बारा जुने संगणक

उमरग्याला हायवेलगत एका पत्र्याच्या खोलीत आम्ही सहाजण राहायचो. अण्णा ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे. पावसाळा सरला की ते काम बसायचं, मग आई लोकांच्या रानात जायची आणि रात्री नुसतं हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं व्हायचं. बारावीचा अभ्यास मी अर्धवट शिवलेल्या ताडपत्रीवर बसून केला. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. मी बीसीए झाले, हे मी आजही न लाजता सांगते.

पहिली नोकरी एका कॉलेजच्या संगणक लॅबमध्ये लागली, तीही कंत्राटी; सुट्टीतल्या महिन्यांचा पगार नसायचा. चपला बाहेर काढून आत जायचं, गार फरशी, उदबत्तीचा वास. तो वास अजून आठवतो. खंडेनवमीला लॅबमधल्या एक नंबरच्या मशीनची पूजा व्हायची. ते मशीन सगळ्यात नवं, सगळ्यात मोठ्या डिस्कचं. शिपाईमामा त्याला हळदकुंकू लावायचे, हार घालायचे.

त्या वर्षी आमच्याकडं सरकारी टायपिंग परीक्षेचं केंद्र आलं. सोमवारी चाळीस मशीन एकसारखी तयार हवी होती. एका मशीनवरचं विंडोज, सॉफ्टवेअर, सेटिंग असं सगळं उचलून त्याची हुबेहूब नक्कल, म्हणजे इमेज, सर्व्हरवर ठेवायची आणि तिथून केबलनं बाकीच्या मशीनवर उतरवायची, असं ठरलं. नमुना अर्थातच पूजेचं मशीन.

अठ्ठावीस मशीन सुरळीत झाली. जुन्या बारा मशीनवर मात्र एकच ओळ यायची : डिस्कवर पुरेशी जागा नाही. मी त्या बाराही डिस्क पुसून कोऱ्या केल्या. तरी तेच. प्राचार्य दारात उभे राहून म्हणाले, की उद्या दुपारपर्यंत बघतो, नाहीतर सोलापूरहून माणूस बोलावतो. जाता जाता म्हणाले, "मग तुमचं इथं काम काय राहिलं, तेही बघू."

घरी जेवायला बसले तरी डोक्यात तीच ओळ होती. अण्णांनी विचारलं तर सांगितलं, की जागा पुरत नाही. ते म्हणाले, "कुठं पुरत न्हाय, ते बघितलं का? मापं घेतल्याबिगर मी तर कापडाला कात्री लावत न्हाय."

सकाळी लॅब उघडली आणि वहीत दोनच मापं लिहिली. जुन्या मशीनची डिस्क एकशे साठ जीबी. पूजेच्या मशीनच्या डिस्कवरचा मुख्य कप्पा, म्हणजे पार्टिशन, चारशे. त्यात दरसालच्या गॅदरिंगचे व्हिडिओ, ऑफिसच्या फायलींच्या प्रती, कुणाच्या तरी लग्नाचे फोटोसुद्धा. पूजेचं मशीन कुणी फॉरमॅट करणार नाही, म्हणून जपायचं ते सगळं लोक तिथंच ठेवत होते.

मी ते सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवायला लागले. मामा पुढं झाले. "मॅडम, पूजेचं हाय ते. त्यातलं काय काढू नका."

"मामा, एकबी फाईल टाकून देत न्हाय. जागा बदलतेय नुसती."

"मग हार मी काढतो. तुम्ही हात लावू नका," मामा म्हणाले आणि सुकलेला हार त्यांनी स्वतः उतरवला.

मशीन मोकळं झालं, नवी इमेज घेतली, पण जुन्या मशीनवर पुन्हा तीच ओळ. वहीतलं माप परत बघितलं तेव्हा कळलं, की सामान काढलं तरी कप्पा चारशेचाच होता. आत किती भरलंय हे आमचं सॉफ्टवेअर बघतच नव्हतं. कप्प्याएवढी डिस्क समोर असलीच पाहिजे, असा त्याचा हट्ट. मग कप्पाच लहान करून शंभरावर आणला आणि तिसऱ्यांदा इमेज घेतली.

पहिल्या जुन्या मशीनवर हिरवी पट्टी सरकायला लागली. मामा शेजारी स्टूल घेऊन बसले आणि दर पाच मिनिटाला विचारत राहिले, "व्हय का हो, चाललंय न्हवं?" दुपारी दोनला बारावं मशीन झालं. सोलापूरला फोन करावा लागला नाही.

सोमवारी परीक्षा चाळीसच्या चाळीस मशीनवर झाली. पुढच्या वर्षी कॉलेजनं मला कायम केलं, आणि आमच्या घरात पहिल्यांदा बाराही महिने पगार यायला लागला.