धरलंय म्हणजे चालू

आमच्या साडूंइतका आवरणारा माणूस बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्या दोघांना एका घरात ठेवू नये. 'ज्याचं त्याच्याजवळ' हा त्यांचा एकमेव मंत्र. एकदा ते आमच्याकडे बारामतीला राहायला आले, तेव्हा बायकोचा मिसळणाचा डबा त्यांच्या डोळ्यांत खुपला. सगळ्यांचा माल एकाच डब्यात ही त्यांना बेशिस्त वाटली. पोह्यांची मोहरी पोह्यांपाशी, वरणाचं जिरं डाळीपाशी अशी त्यांनी वाटणी केली, आणि ते गेल्यावरही बायको साध्या फोडणीसाठी स्वयंपाकघराला प्रदक्षिणा घालत होती. इंदापूरच्या एका लग्नात त्यांनी मांडवाच्या दाराशी पडलेल्या चपला वधूपक्ष आणि वरपक्ष अशा लावून ठेवल्या. एका मामांचं नातं दोन्हीकडून निघत होतं. त्यांची एक चप्पल इकडे गेली, दुसरी तिकडे, आणि मामा अनवाणी घरी गेले.

त्यांचा धंदाही असाच. संगणकाच्या चिपमध्ये घड्याळं असतात, त्यांच्या ठोक्यावर चिपचा एकेक भाग चालतो. ही घड्याळं हाकणारा प्रोग्रॅम साडू लिहितात. त्याला म्हणतात क्लॉक ड्रायव्हर. हे नाव आमच्या भागात त्यांना फार जड गेलं. लग्न ठरताना आमच्या सासऱ्यांनी 'ड्रायव्हर' एवढंच ऐकलं आणि गाडी कुठली चालवता असं विचारलं. बरं, 'मी घड्याळाचं काम करतो' असं बारामतीत सांगावं, तर समोरचा आदरानं खुर्ची पुढं सरकवतो आणि पक्षात पद कोणतं ते विचारतो.

घड्याळाच्या जोडीला रिसेट असतो. चिपचा कुठलाही भाग सुरू करण्याआधी त्याला क्षणभर दाबून धरायचं, म्हणजे तो गप्प बसतो, आणि मग सोडायचं, म्हणजे तो ताजातवाना होऊन कामाला लागतो. साडूंनी हे शास्त्र संसारातही आणलं. माझी बायको आणि तिची बहीण, म्हणजे साडूंची बायको, यांचं एकदा बोलणं बंद झालं. कारण दोघींनाही आठवत नव्हतं, त्यामुळे भांडण मिटायला आधारच नव्हता. साडूंनी दोघींना दोन खोल्यांत बसवलं, चहासुद्धा दिला नाही, आणि मला बजावलं, "पाव्हणं, आधी थोरलीला सोडायचं, मग धाकटीला. उलटं झालं तर सगळं अडकतं." दोघी बाहेर आल्या त्या एकमुखानं साडूंना बोलत आल्या, त्यामुळे उपाय लागू पडला असंच म्हणावं लागेल.

तर असा हा माणूस नोकरीला बंगळूरला आणि जीव वडगाव निंबाळकरला. वडगावला त्यांचे वडील, आबा, उसाच्या रानात एकटे राहत. आई गेल्यापासून साडूंना तिथं येऊन राहायचं होतं. कंपनीतल्या साहेबांनी शेवटी कबूल केलं, पण एका अटीवर. एका नव्या चिपच्या रिसेटची सगळी माहिती एकाच लांबलचक तक्त्यात कोंबलेली होती. ती फोडून ज्या त्या घड्याळाचे रिसेट त्या त्या घड्याळापाशी नेऊन ठेवायचे. देशोदेशीचे जाणकार ते काम तपासणार. गावी बसून ते पार पाडलं तर कायमचं गावी राहा, नाहीतर दिवाळीनंतर परत या. साडूंना आनंद झाला. जन्मभर लोकांच्या स्वयंपाकघरात जे फुकट केलं, तेच काम आता पगारी मिळालं होतं. आबांना विचारलं तर ते म्हणाले, "ऱ्हायचं तर ऱ्हा, जायचं तर जा. म्या कुनाला धरून ठिवलं न्हाय." मग पान लावण्यात त्यांनी जरुरीपेक्षा जास्त वेळ घालवला.

साडूंनी कच्चा तक्ता मराठीत केला. दोन रकाने, 'धर' आणि 'सोड'. कुठल्या भागाला एक लिहून धरायचं आणि शून्य लिहून सोडायचं, कुणाचं नेमकं याच्या उलट, हे ओळीओळीनं मांडलं. निम्म्या ओळी घरात टेबलावर झाल्या. उरलेल्या, आबा उसाला पाणी देत असताना, बांधावर बसून झाल्या. सगळं जागच्या जागी आवरलं आणि यंत्र चालू केलं, तर पडदा काळाठिक्कर. काही भाग उठत होते, काही मेल्यासारखे पडून. दिवाळी जवळ आली. साडू इतके खचले की आमच्याकडे येऊन गेले तरी मिसळणाच्या डब्याला हात लावला नाही. बायको घाबरली आणि रविवारी आम्ही वडगाव गाठलं.

साडू आंब्याखाली मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. आबा रानातून फोनवर शेजाऱ्याला सांगत होते, "मोटर बंद करू नगा, म्या दारं धरलंय." साडूंची मान वर झाली. उसाला पाणी देताना एका सरीचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं, याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. दारं धरलंय म्हणजे पाणी चालू आहे. आणि चिपमध्ये धरलंय म्हणजे बंद. टेबलापाशी बसून लिहिलेल्या ओळींत साडूंचा 'धर' बंगळूरचा होता, बांधावर लिहिलेल्या ओळींत वडगावचा. बांधावरच्या सगळ्या ओळी उलट्या पडल्या होत्या. साडू हसायला लागले, ते इतके की आबा खोरं घेऊन धावत आले. ओळी सुलट केल्या आणि पडदा उजळला. तपासणाऱ्यांनी पुढं बारीकसारीक खुसपटं काढली, साडूंनी ती आवडीनं निस्तरली, आणि काम मान्य झालं.

ते कळलं त्या दिवशीही आम्ही वडगावलाच होतो. आबांनी खोरं भिंतीला टेकवलं आणि लेकाकडे न बघता विचारलं, "मंग, कंपनी तुला कवा नेती?"

"न्हेत न्हाय, आबा. मला हितंच धरलंय."

आबांनी खोऱ्याला लागलेला चिखल बोटानं काढला. मग म्हणाले, "धरलंय म्हंजी चालू म्हन की." आणि पाय धुवायला गेले. तोंडावर त्यांनी बराच वेळ पाणी मारलं.

परतताना गाडीत बायकोनं फोन काढला, तिकडं किती वाजले असतील ते मोजलं आणि परत ठेवून दिला. आमची दोन्ही मुलं परदेशी आहेत, सुखात आहेत. आम्हीच हौसेनं सोडली. घरी आल्यावर बायकोनं मिसळणाचा डबा काढला. त्यात सगळं एकत्र, दाटीवाटीनं होतं. ती म्हणाली, "हे असंच असू दे हं. भाऊजींना हात लावू द्यायचा नाही."